तुओनेलाचा हंस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य संगीत नव्याने ऐकू लागलेल्या मित्रमैत्रिणींना मी आधी ज्या दोन-चार रचना ऐकवते, त्यांत सिबेलियसचा ‘तुओनेलाचा हंस’ असतोच. ऐकून झालं की प्रश्न सुरू होतात, आणि गेल्या काही वर्षांत ते बरेचसे तेच ते झाले आहेत. म्हणून एकदा सगळे इथे मांडले आहेत. सुरुवातीचे अगदी प्राथमिक आहेत, पुढचे जरा अडचणीचे.

१. हे नेमकं काय आहे? सिम्फनी, की गाणं?

दोन्ही नाही. फिनलंडचा संगीतकार जाँ सिबेलियस (१८६५–१९५७) याने १८९३ मध्ये रचलेली आणि पुढे दोनदा सुधारलेली ही ऑर्केस्ट्राची नऊ-दहा मिनिटांची रचना आहे. तिला शब्द नाहीत, गायक नाही. अशा रचनेला टोन पोएम म्हणतात, मराठीत स्वरकाव्य म्हणू या. सिम्फनीत साधारण चार भाग असतात आणि तिला बाहेरच्या गोष्टीचा आधार लागत नाही. टोन पोएम मात्र एखाद्या कवितेतून, चित्रातून किंवा पुराणकथेतून उगवते आणि बहुतेक वेळा एका दमात पूर्ण होते.

सिबेलियस स्वतः हिला ‘लेजेंड’, म्हणजे आख्यायिका म्हणत असे. अशा चार आख्यायिका मिळून ‘लेम्मिनकॅइनेन सूट’ (ओपस २२) होतो. तो पहिल्यांदा १३ एप्रिल १८९६ रोजी हेलसिंकीत वाजला, संचालन सिबेलियसनेच केलं. सगळा सूट पाऊण तासाच्या आसपास चालतो, पण ‘हंस’ एकटाही वाजवला जातो आणि बहुतेकांनी तो तसाच ऐकलेला असतो.

२. ही नावं म्हणायची कशी?

फिनिशमध्ये जोर नेहमी पहिल्या अक्षरावर: ‘तु’ओनेला, ‘का’लेवाला (फिनलंडचं महाकाव्य, प्रश्न १२), ‘ले’म्मिनकॅइनेन (त्यातला एक नायक). हंसाला फिनिश शब्द ‘योउत्सेन’, म्हणून रचनेचं मूळ नाव ‘तुओनेलान योउत्सेन’. जोडाक्षरातली दोन्ही व्यंजनं पूर्ण उच्चारतात, आपण ‘अम्मा’ म्हणतो तशी.

३. तुओनेला म्हणजे नरक का?

रचनेच्या स्वरलिपीवर छापलेल्या ओळींत तसं म्हटलं आहे: तुओनेला ही मृतांची भूमी, फिनिश पुराणकथांमधला नरक, तिच्याभोवती काळ्या पाण्याची, वेगवान प्रवाहाची मोठी नदी आणि त्या पाण्यावर तुओनेलाचा हंस डौलाने गात तरंगतो. पण ‘नरक’ हा शब्द ऐकणाऱ्याला चुकीच्या वाटेला नेतो, असं मला वाटतं. कालेवालातली तुओनेला ही मुख्यतः मेलेल्यांची वस्ती आहे, पापांचा हिशेब करणारी कचेरी नव्हे. मृत्यूचा देव तुओनी, त्याची बायको, मुलगा, मुली तिथे घर करून राहतात. वृद्ध गायक-मांत्रिक व्हॅइनॅमोइनेन जिवंतपणी तिथे जातो तेव्हा तुओनीची बुटकी मुलगी नदीवर धुणं धूत असते. ती त्याला विचारते, तू मेलेला दिसत नाहीस, मग आलास कसा? तो पुन्हा पुन्हा खोटं सांगतो, ती दर वेळी पकडते. आत गेल्यावर त्याच्यापुढे बिअरचा पेला येतो, त्यात बेडूक आणि किडे वळवळत असतात. तो पीत नाही आणि शेवटी तिथून निसटून परत येतो.

आपल्याकडच्या वाचकांना वैतरणी आठवते. आठवू द्या, नदी म्हणून ती जवळचीच आहे. फक्त यातना आणि यमदूत यांचं चित्र बाजूला ठेवा. इथे थंडी आहे, अंधार आहे आणि शांतता आहे.

४. लेम्मिनकॅइनेनची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात सांगायला जीव धजत नाही, कारण कालेवालातला हा माझा सर्वांत आवडता भाग आहे.

लेम्मिनकॅइनेन देखणा, धाडसी आणि उतावळा. आईचं न ऐकता तो उत्तरेकडच्या पोह्योला या देशी निघतो. निघताना केस विंचरायची फणी भिंतीवर टांगतो आणि सांगतो, हिच्यातून रक्त ठिबकलं तर मी गेलो असं समजा. पोह्योलात पोचल्यावर तो मंत्रगीतं म्हणून तिथल्या पुरुषांना पार हतबल करतो, एकाला सोडून. तो असतो ‘ओल्या टोपीचा’ म्हणून ओळखला जाणारा म्हातारा, आंधळा गुराखी. त्याच्यावर मंत्र वाया घालवण्याचीही आपली इच्छा नाही, असं म्हणून लेम्मिनकॅइनेन त्याचा अपमान करतो. गुराखी उठून जातो आणि तुओनेलाच्या नदीकाठी वाट पाहत बसतो.

पोह्योलाची मालकीण लोउही. तिची मुलगी मागितल्यावर ती तीन कामं सांगते: हीसी या दैत्याचं सांबर बर्फावरून स्की करत पाठलाग करून पकडायचं, त्याच दैत्याच्या आग ओकणाऱ्या घोड्याला लगाम घालायचा आणि तुओनेलाच्या नदीवरचा हंस एकाच बाणात मारायचा. पहिली दोन होतात. तिसऱ्यासाठी तो नदीवर येतो, तेव्हा गुराखी पाण्यातून विषारी जलसर्प उपसून त्याच्या काळजात खुपसतो. त्या विषावरचा मंत्र लेम्मिनकॅइनेनला येत नसतो. मरताना त्याला पश्चात्ताप होतो, की आईला हा एक मंत्र विचारून ठेवला असता तर. त्याचं शरीर नदीत पडतं आणि तुओनीचा मुलगा तलवारीने त्याचे तुकडे करतो.

घरी फणीतून रक्त ठिबकतं. आई निघते. लोउहीकडून खरं काढते, मग झाडाला विचारते, वाटेला विचारते, चंद्राला विचारते. शेवटी सूर्य सांगतो. ती लोहार इल्मारिनेनकडून शंभर वाव लांब दातांचा दंताळा घडवून घेते आणि काळ्या नदीत उतरते. आधी सदरा लागतो, टोपी लागते, मग शरीराचे तुकडे. एक हात नाही, अर्धं डोकं नाही. एक कावळा म्हणतो, सोडून दे, याचा आता माणूस होत नाही. ती पुन्हा दंताळा टाकते. हाडाला हाड, शिरेला शीर जोडते. शेवटी मधमाशीला आकाशापलीकडे पाठवून मलम आणवते, आणि मुलगा डोळे उघडून म्हणतो, किती वेळ झोपलो होतो मी! आई सांगते, मी नसते तर आणखी झोपला असतास.

५. मग संगीतात बाण कुठे सुटतो? मला तो क्षण सापडत नाही.

तो नाहीच. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि हे उत्तर समजलं की रचना उघडते.

‘हंस’ ही लेम्मिनकॅइनेनची गोष्ट सांगत नाही. नायक अजून आलेला नाही, किंवा आधीच पाण्याखाली आहे, काहीही धरा. संगीतात फक्त नदी आहे आणि पक्षी. कथेतही हंसाला कोणी मारू शकत नाही, बाण सुटण्याआधी शिकारीच मरतो. आपणही ही रचना ऐकायला शिकाऱ्यासारखे येतो. कथा कुठे, कळस कुठे, मरण कुठे, हे टिपायला टपून बसतो आणि हातात काही लागत नाही. नऊ मिनिटं नुसतं काठावर बसायचं. घटना हव्या असतील तर सूटचे बाकीचे भाग आहेत (प्रश्न ९).

६. हंसाचा आवाज कोणत्या वाद्याचा? सनईसारखं काहीतरी वाटतं.

कान बरोबर आहे. ते कॉर आंग्ले. ओबोचंच मोठं भावंड, ओबोपेक्षा पाच स्वर खाली बोलणारं, टोकाला पेरूसारखा फुगीर भाग असलेलं. सनईप्रमाणेच यातही दोन पात्यांची जिभली असते, म्हणून आवाजात ती नाकातून आल्यासारखी, थेट काळजाला भिडणारी धार येते. पण सनई उघड्यावर, मांडवात गाजणारी. कॉर आंग्लेचा आवाज दबका आणि थोडा कापरा. या वाद्यासाठी लिहिलेल्या मोठ्या एकल भागांमध्ये ‘हंस’ अग्रभागी आहे. वादकाला जवळजवळ पूर्णवेळ एकट्याने बोलायचं असतं, आणि वाक्यं इतकी लांब की श्वास कुठे घ्यावा हाच प्रश्न.

७. पहिल्यांदा ऐकताना लक्ष कशाकडे द्यावं?

हंसाकडे आपोआप जाईलच. मी सांगेन, नदीकडे द्या.

सुरुवातीला तंतुवाद्यांचा ए मायनर स्वरसमूह येतो. सगळ्यांच्या घोडीवर म्यूट बसवलेले, म्हणून आवाज धुक्यातून आल्यासारखा. व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांचे गट आणखी लहान लहान गटांत वाटलेले आहेत. एकच स्वरसमूह खालच्या चेलो-बासपासून वरच्या व्हायोलिनपर्यंत हातोहात चढत जातो. सूर बदलत नाहीत, फक्त उजेड बदलतो. तळ दिसत नाही असं पाणी ऐकवायला याहून साधी युक्ती मला माहीत नाही. मग कॉर आंग्ले येतं, आणि त्याला एकटा चेलो उत्तर देतो, तोही खालून वर चढत. ताल नऊ मात्रांचा (९/४) आणि लय इतकी संथ की टाळी कुठे द्यावी ते कळत नाही. ते मुद्दाम आहे.

काय नाही तेही ऐका. बासरी नाही. ट्रम्पेट नाही. नेहमीची क्लॅरिनेट नाही, फक्त खर्जातली बेस क्लॅरिनेट आहे. ऑर्केस्ट्रात चमक आणणारं जवळजवळ सगळं काढून घेतलं आहे. हार्प आहे, पण मोजकी. मोठा ढोल आहे, पण एवढा हळू की तो ऐकू येण्याऐवजी जाणवतो. शेवटाकडे तंतुवाद्यं एकत्र होऊन एक रुंद, जड विलापाची ओळ गातात. सगळ्या रचनेत फक्त इथे नदीला स्वतःचा आवाज फुटतो. त्यानंतर वादक गजाच्या केसांऐवजी लाकडाने तारा छेडतात आणि कोरडी, हाडांसारखी थरथर येते. तिच्यावर हंसाचे शेवटचे बोल. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर हा भाग अक्षरशः नाहीसा होतो.

८. हा आधी ऑपेराचा भाग होता, हे खरं का?

हो. १८९३ मध्ये सिबेलियसने ‘होडीची निर्मिती’ नावाचा ऑपेरा हाती घेतला होता. कथा व्हॅइनॅमोइनेनची: तो मंत्रगीताने होडी बांधत असतो, तीन शब्द कमी पडतात आणि ते शोधायला तो तुओनेलात जातो (प्रश्न ३ मधली धुणं धुणारी मुलगी तिथलीच). ‘हंस’ या ऑपेराची नांदी म्हणून लिहिला गेला. संहिता फारच भावकाव्यात्म आहे, नाट्य नाही, असं मत मिळालं. पाठोपाठ १८९४ च्या उन्हाळ्यात सिबेलियस जर्मनीत बायरॉइटला जाऊन जर्मन संगीतकार वाग्नरचे ऑपेरा ऐकून आला, भारावला आणि अस्वस्थही झाला. आपला पिंड ऑपेराचा नाही, टोन पोएमचा आहे, हे त्याला तिथून परतताना उमगलं. ऑपेरा सुटला, नांदी उरली. पडदा उघडण्याची वाट पाहणाऱ्या संगीताचा ताण अजून त्यात आहे, असं मला दर वेळी वाटतं.

९. एका रेकॉर्डिंगवर ‘हंस’ दुसरा आहे, दुसऱ्यावर तिसरा. बरोबर कोणतं?

दोन्ही. १८९६ चा क्रम असा होता: ‘लेम्मिनकॅइनेन आणि बेटावरच्या मुली’, ‘लेम्मिनकॅइनेन तुओनेलात’, ‘तुओनेलाचा हंस’, ‘लेम्मिनकॅइनेनचं परतणं’. पुढे, १९४७ मध्ये, सिबेलियसनेच मधल्या दोन भागांची अदलाबदल केली. आज छापील क्रमात ‘हंस’ दुसरा येतो, पण काही संचालक जुना क्रम पसंत करतात.

क्रम बदलला की अर्थही बदलतो. ‘हंस’ दुसरा असला तर आधी नदी दिसते, मग तिथे मरण घडतं. तिसरा असला तर मरणानंतर नदी पुन्हा स्थिर झालेली असते. मला जुना क्रम जास्त हलवतो.

१०. सूटमधले दोन भाग हरवले होते म्हणे?

हरवले नव्हते, बाजूला ठेवले गेले होते. १८९७ च्या सुधारित सादरीकरणानंतर समीक्षक कार्ल फ्लोडिन याने कडक टीका केली आणि ती सिबेलियसला फार लागली. ‘हंस’ आणि ‘परतणं’ एवढेच दोन भाग त्याने पुढे नेले, ते छापले गेले आणि जगभर वाजू लागले. उरलेले दोन जवळजवळ चार दशकं कोणी ऐकले नाहीत. १९३५ मध्ये, कालेवालाची शंभरी साजरी होत असताना, ते पुन्हा वाजले. १९३९ मध्ये सिबेलियसने त्यांच्यावर शेवटचा हात फिरवला आणि १९५४ मध्ये, तो ८८ वर्षांचा असताना, ते छापून आले.

११. सुरुवातीचा धरलेला सूर तानपुऱ्यासारखा वाटतो. हा कुठला राग आहे का?

नाही. ए मायनरचे मूळ स्वर आसावरी थाटाशी जुळतात, म्हणून ओळखीचं वाटतं, पण साम्य तिथेच संपतं. तानपुऱ्याचा सा हलत नाही, त्याच्याकडे आपण परत येतो. इथे पायाखालची जमीनच सरकते. हंसाची ओळ तीच वाटते, पण तिच्याखालचा स्वरसमूह बदललेला असतो, आणि सा शोधणारा कान बुडतो. तुम्ही रागसंगीतात मुरलेले असाल तर हीच गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा जास्त जाणवेल.

फिनिश लोकगीताचीही ही नक्कल नाही. तिथल्या पारंपरिक गायनाची चाल बहुधा पाच स्वरांत आणि पाच मात्रांत फिरते. सिबेलियसने ते प्रत्यक्ष ऐकलं होतं, फिनलंडमधल्या पोर्वो गावी लारिन पारास्के या गायिकेकडून आणि १८९२ मध्ये लग्नानंतर पूर्वेकडच्या कारेलिया प्रदेशाच्या प्रवासात. पण ‘हंस’मधली धून त्याची स्वतःची आहे.

१२. कालेवाला किती जुनं? कोणी लिहिलं?

गाणी जुनी, ग्रंथ १९ व्या शतकातला. एलियास लोनरोट (१८०२–१८८४) हा काजानी गावचा सरकारी डॉक्टर. पायी हिंडून त्याने कारेलियातल्या गायकांकडून गीतं उतरवून घेतली, जोडली, क्रम लावला, सांध्यांसाठी काही ओळी स्वतः लिहिल्या. पहिली आवृत्ती १८३५ ची. आज वाचली जाते ती १८४९ ची, ५० सर्ग आणि २२,७९५ ओळींची. लेम्मिनकॅइनेनचा मृत्यू आणि पुनर्जन्म १४ व्या आणि १५ व्या सर्गात आहे. तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्यात होतं आणि शिकलेल्या वर्गाची भाषा स्वीडिश होती. अशा वेळी आपल्या भाषेत एवढं महाकाव्य आहे हे कळणं, याचा अर्थ काय असेल ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

सिबेलियसची मातृभाषाही स्वीडिशच. फिनिश तो शाळेत शिकला आणि पुढे त्याची बायको झालेल्या आइनो यॅर्नेफेल्टच्या फिनिशप्रेमी घरात रमला.

१३. ‘फिनलंडिया’ही पुराणकथेवर आहे का? यानंतर काय ऐकू?

‘फिनलंडिया’ (१८९९) नाही, ती देशभक्तीची रचना. पुराणकथेच्या वाटेने जायचं तर ‘पोह्योलाची मुलगी’ (१९०६), मग सोप्रानो आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘लुओन्नोतार’ (१९१३), ज्यात पक्ष्याच्या अंड्यांतून सृष्टी निर्माण होते. शेवटी ‘तापिओला’ (१९२६), जंगलाच्या देवाचं राज्य. ही त्याची शेवटची मोठी रचना. ती घाईत ऐकू नका.

१४. फ्रेंच संगीतकार सें-साँसचा ‘हंस’ तो हाच का?

नाही. तो चेलोवर वाजतो, १८८६ चा, आणि तळ्यावर दिवस असतो.

१५. खरे हंस असे गातात का?

फिनलंडचा राष्ट्रीय पक्षी म्हणजे व्हूपर हंस. फिनिशमध्ये त्याचं नावच ‘गाणारा हंस’. मान सरळ, चोच पिवळी-काळी. आवाज मोठा, कर्ण्यासारखा. २१ एप्रिल १९१५ रोजी सिबेलियसने घराजवळ सोळा हंस उडताना पाहिले आणि डायरीत आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या अनुभवांपैकी एक म्हणून त्याची नोंद केली. त्यांचा आवाज ट्रम्पेटच्या जवळचा आहे, असंही लिहिलं. त्याच्या पाचव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात हॉर्नवर झुलणारी प्रसिद्ध धून या हंसांशी जोडलेली आहे.

आता हे ‘हंस’शी ताडून पाहा. त्यात ट्रम्पेट एकही नाही. जिवंत हंस कसा ओरडतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मेलेल्यांच्या नदीवरच्या हंसाला त्याने तो आवाज दिला नाही.

१६. माझ्या व्हिडिओखाली हे संगीत वापरलं तर चालेल का?

रचना आणि रेकॉर्डिंग वेगळे धरा. भारतात रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सिबेलियस २० सप्टेंबर १९५७ ला गेला, म्हणजे भारतात तो २०१७ अखेर संपला. युरोपीय संघात मुदत ७० वर्षांची, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत. पण तुम्ही डाउनलोड केलेलं रेकॉर्डिंग वादकांचं आणि कंपनीचं असतं, त्याचा हक्क स्वतंत्र. भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं. स्वतः वाजवणार असाल तर भारतात अडचण नाही. अमेरिकेत आणखी एक मेख आहे: तिथे जुन्या कृतींची मुदत प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात. म्हणून ‘हंस’ मोकळा असला तरी १९५४ मध्ये छापलेल्या दोन भागांबाबत (प्रश्न १०) तसं धरून चालू नका.

१७. वडिलांच्या स्मृतिसभेत लावावं असं मनात आहे. योग्य होईल का?

हा प्रश्न मला तीनदा आला आहे. तिन्ही वेळा ‘हो’ म्हटलं आहे, एक गोष्ट सांगून. ही रचना सांत्वन करत नाही. कुठे वर उचलून घेत नाही, शेवटी पहाट होत नाही. ती फक्त शेजारी बसते. लोक बोलत असताना मागे लावू नका, त्यात ती ऐकूच येणार नाही. सगळे शांत बसतील अशी दहा मिनिटं काढा आणि संपल्यावर लगेच कोणाला माइक देऊ नका.

१८. एवढ्या सगळ्यात लेम्मिनकॅइनेनची आई कुठे आहे?

‘हंस’मध्ये नाही. ‘लेम्मिनकॅइनेन तुओनेलात’ या भागात भयंकर थरथर आणि घोंघावणं मध्येच थांबतं आणि अंगाईसारखं काहीतरी हळूच सुरू होतं. तिथे आई आहे असं अनेकांना वाटतं, मलाही. स्वरलिपीत तसं लिहिलेलं नाही.

तिला पाहायचं असेल तर चित्र आहे. अक्सेली गालेन-कालेला हा सिबेलियसच्या मित्रमंडळातला चित्रकार. त्याचं १८९७ चं ‘लेम्मिनकॅइनेनची आई’ हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे. आईसाठी त्याने स्वतःच्या आईलाच समोर बसवलं होतं. काठावरचे गोटे रक्ताने लाल झालेले, आसपास हाडं आणि कवट्या, मधोमध जोडून ठेवलेला मुलगा पांढराफटक. आईचा हात त्याच्या अंगावर आहे आणि नजर वर, मधमाशी येते का ते पाहत. मागे काळं पाणी आहे, आणि त्यावर हंस.